सीलबंद प्रोसेसर

धर्मराजने रेनकोटची चेन उघडली, आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला खोका काढला आणि कोणी काही बोलायच्या आत काउंटरवर ठेवला. पिशवीवरचं पाणी काचेवर पसरलं. पलीकडे बसलेल्या प्रणितने दुरुस्तीला उघडलेला लॅपटॉप बाजूला सारला.

“हा घालायचा,” धर्मराज म्हणाला. “बाकीचं याच्या मापाचं तुमी काढा.”

भिंतीजवळच्या दोन स्टुलांवर भावना आणि प्रांजल, त्याची बायको आणि मुलगी, बसल्या होत्या. भावनाने खोक्याकडे पाहिलं नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं.

“अकरा वाजता यायचं ठरलं होतं.”

“गव्हाण फाट्याला ट्रेलर आडवा पडलाय.”

“तुमच्याच यार्डातला असेल.”

धर्मराज उरणजवळ द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. त्याने पिशवी सोडवली, खोका पुसला आणि त्यावरचं चित्र मुलीला दिसेल असा वळवून ठेवला. निळ्या खोक्यावर ‘आय-सेव्हन’ ही अक्षरं मोठी होती. कडेला पारदर्शक सील जसंच्या तसं होतं.

“काल मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो होतो,” तो प्रांजलला म्हणाला. “तिथं चार दुकानं पालथी घातली. सगळे म्हणाले, याच्या वर सध्या काय नाय.”

प्रांजलने खोका हातात घेतला नाही. मान थोडी पुढे करून तिने नंबर वाचला आणि पुन्हा मागे टेकली.

“नंबराच्या शेवटी के आहे,” ती म्हणाली, पण प्रणितकडे पाहून.

“हो ना,” प्रणित म्हणाला.

त्या दोघांचं काय बोलणं झालं ते धर्मराजला कळलं नाही. न कळल्याचं भावनाने पाहिलं, हे मात्र त्याला कळलं.

भावना द्रोणागिरीचं घर सोडून पनवेलला आली त्याला दोन वर्षं झाली होती. कोर्टात कोणी गेलं नव्हतं. ती पनवेलच्याच उरण नाक्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायची. तिथून चालत दहा मिनिटांवर तिने दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. प्रांजलची अकरावी पनवेललाच सुरू झाली होती, त्यामुळे पाच दिवस आईकडे आणि शनिवार-रविवार बापाकडे, असं आपोआप ठरत गेलं. बारावीच्या वर्षात रविवार गळायला लागले. कधी क्लास असायचा, कधी टेस्ट. धर्मराज शनिवारी संध्याकाळी करंजा बंदरावरून ताजी कोळंबी आणून ठेवायचा आणि रविवारी रात्री ती यार्डातल्या माणसांना डब्यातून द्यायचा.

बारावीचा निकाल लागला तेव्हा प्रांजलने एकच गोष्ट मागितली. गेमिंगचा कॉम्प्युटर, तयार नाही, एकेक भाग निवडून जोडलेला. दोघांनीही फोनवर त्याच दिवशी हो म्हटलं. निम्मा खर्च बापाचा, निम्मा आईचा, हे मुलीनेच मेसेज करून ठरवलं. शनिवार, सकाळी अकरा, पनवेलला प्रणितचं दुकान, पहिला मजला, हेही तिनेच. मेसेजच्या शेवटी लिहिलं होतं: दोघंही या.

प्रणितने खोका उलटसुलट करून पाहिला.

“काका, वस्तू एक नंबर आहे. पण सांगून ठेवतो, ही माझ्याकडून घेतलेली नाही. काही झालं तर तुम्हालाच मुंबईला पळावं लागेल.”

“काय होत नाय त्याला.”

“आणि याच्याबरोबर पंखा येत नाही. हा तापतो, त्यामुळे कूलर वेगळा घ्यावा लागेल, चांगला मोठा. याचा बोर्डही त्याच्याच जातीचा लागतो, दुसऱ्यात बसत नाही. आणि हा घेऊन गेम खेळायचे तर ग्राफिक्स कार्डही तसंच लागणार. कार्डांची सध्या बोंब आहे. मिळतात ती दुप्पट भावाने. मग पॉवर सप्लाय मोठा, कॅबिनेट...” त्याने एक हात गुडघ्याजवळ आणि दुसरा छातीजवळ धरला. “एवढं.”

“एवढं?” भावना म्हणाली. “हॉलमध्ये ठेवायचं कुठे?”

“कुणाच्या हॉलमदे?” धर्मराजने विचारलं.

“आमच्या.”

“तुमच्या हॉलमदे ठेवायचं कोणी सांगितलं?”

प्रणितने हात खाली घेतले.

“खिडकीखालचा सोफा मी काढून टाकलाय,” भावना म्हणाली. ती रागावली की एकेक शब्द सुटा करून बोलायची. “इलेक्ट्रिशियन बोलावून नवा पॉइंट काढून घेतलाय. पाच दिवस मुलगी तिथे राहते. कॉम्प्युटर तिथेच राहणार.”

“माज्याकडं मागची खोली तयार हाय. सुताराकडून टेबल करून घेतलंय, सहा फुटी. एसी बसवलाय. नेट घेतलंय.”

“दोन दिवसांसाठी?”

“दोन दिवस तूच करून ठेवलेस.”

“आणि आता एसी लावून ते सात करणार. म्हणून हा एवढा मोठा खोका आणलात होय. गळाला लावायला काहीतरी हवंच.”

“तू दोन वर्षं काय लावतेस गळाला? ‘पप्पांकडे गेलीस की अभ्यास होत नाही.’ हेच ना? माजी आई करंज्याहून फोन करते, नात कशी हाय विचारते. मी काय सांगू तिला?”

“खरं सांगा. सांगा की मुलगी तुमच्याकडे आली की तुम्ही तिच्यासमोर तिच्या आईचा उद्धार करत बसता.”

“तू तर माजी आरती करतेस.”

त्यांचे आवाज चढले नव्हते. दोघांनाही सवय होती. द्रोणागिरीच्या बिल्डिंगमध्ये भिंती पातळ होत्या. दारातून एक गिऱ्हाईक आत डोकावलं, प्रिंटरची शाई आहे का विचारलं, आणि प्रणितने उत्तर द्यायच्या आत त्या दोघांचे चेहरे पाहून जिना उतरून गेलं. प्रणितने त्याच्या पाठीकडे पाहिलं.

“हे बघा,” तो जरा कोरड्या आवाजात म्हणाला, “कॉम्प्युटर कुठे ठेवायचा ते मी नाही सांगू शकत. कुठला घ्यायचा एवढंच सांगू शकतो.”

“मग ऐका,” भावना म्हणाली आणि पर्समधून एक चिठ्ठी काढली. “आमच्या लॅबची सगळी मशिनं बघणारे गृहस्थ आहेत, त्यांनी लिहून दिलंय. आय-थ्री. स्क्रीनच्या मागेच सगळं बसवलेलं असतं, वेगळा डबा नाही, वायरी नाहीत. एकदा भिंतीला लावला की झालं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला एवढा पुरे, असं म्हणाले.”

“गेमिंगचा पायजे तिला,” धर्मराज म्हणाला. “रक्त तपासायचं मशीन नाय.”

“खेळून कोणाचं भलं झालंय?”

“निकाल तर बरा लागला ना? का तोपण तुज्यामुळंच?”

“माझ्यामुळेच. पहाटे साडेचारला उठून चहा तुम्ही करत नव्हता.”

प्रांजल स्टुलावर बसून दोन्ही पाय खालच्या दांडीवर ठेवून त्यांच्याकडे पाहत होती. ती रडवेली झाली नव्हती, मध्ये पडली नव्हती. बसस्टॉपवर उभं राहून चुकीच्या नंबरच्या गाड्या पाहाव्यात तशी ती पाहत होती. मग तिने प्रणितकडे पाहिलं.

“दादा, लिहून घेतोस का?”

“सांग.”

“प्रोसेसर रायझन फाइव्ह. ग्राफिक्स आत असलेला.”

“चोवीसशे जी?”

“हो. आहे ना?”

“दोन आहेत.”

“छोटा बोर्ड. रॅम आठ जीबी, पण चार-चारच्या दोन पट्ट्या. एक नको. आणि वेगवाली दे, बत्तीसशेची नसली तर तीन हजार.”

प्रणित लिहीत गेला. त्याने मध्ये एकदाही का म्हणून विचारलं नाही. धर्मराजने दोन्ही हात काउंटरच्या काचेवर टेकले.

“हे काय चाललंय?”

“पप्पा, याच्यात ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच असतं. वेगळं कार्ड नाही लागत. माझ्या गेमला पुरतं. सगळं फुल ठेवलं तर नाही चालणार, पण मिडियमवर चालेल.”

“म्हणजे कमी ताकदीचा.”

“हो.”

“मी त्याच्या दुप्पट ताकदीचा आणलाय. लहान पडला का तुला?”

“मोठा पडला,” प्रांजल म्हणाली.

भावनाच्या ओठांची एक कड किंचित वर गेली. धर्मराजने ती पाहिली.

“शिकवून आणलीस,” तो म्हणाला.

“मला यातलं काही कळत नाही.”

“पोरीला कळतं काय बोलायचं ते. दोन वर्षांत चांगलं शिकवलंस. बापानं आणलेली वस्तू हातात घेऊन बघितलीपण नाय तिनं. तुजं घर असंच हाय. तिथं माज्या घरातलं काय आलेलं चालत नाय. सुकट पाठवली होती आईनं, ती शेजारी वाटलीस.”

“तिला वास सहन होत नव्हता.”

“कुणाला? तिला का तुला? लहानपणी माज्या आईच्या मांडीवर बसून भाकरीबरोबर सुकटच खायची ती.”

“आई,” प्रांजल म्हणाली, “तुझी चिठ्ठी पण ठेव. तो पण नकोय मला.”

भावनाने चिठ्ठी अजून हातात धरली होती. ती घडी घालायला लागली.

“मी तो काही आत्ताच घ्या म्हटलं नव्हतं. जागा कमी लागेल एवढंच.”

“भिंतीला लावायचा नाहीये मला.”

“मग कुठे ठेवायचाय?”

यावर प्रांजल उठली आणि दुकानाच्या मागच्या रॅककडे गेली. कुठलं रॅक कुठे आहे हे तिला माहीत होतं. वरच्या कप्प्यातून तिने एक काळा चौकोनी डबा काढून आणला. चपलांच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा असेल. तिने तो काउंटरवर ठेवला, वीत टाकून लांबी मोजली, पाठीवरची सॅक उतरवली, आतली वही आणि छत्री काढून बाजूला ठेवली आणि डबा सॅकमध्ये सरकवला. तो बसला. चेन कोपऱ्यावर अडकली; तिने डबा तिरका केला आणि चेन लागली.

“सगळं घातल्यावर वजन किती होईल?” तिने प्रणितला विचारलं.

“साडेतीन किलो. ॲडाप्टर धरून चार.”

“चालेल.”

“मॉनिटर कुठला दाखवू? बावीस इंची?”

“मॉनिटर नको. तो मी तिकडेच घेईन.” मग तिने सॅकची चेन पुन्हा उघडली आणि डबा बाहेर काढता काढता, आवाज न बदलता विचारलं, “दादा, याची वॉरंटी कराडला चालेल ना?”

“चालेल की. इंडिया वॉरंटी आहे. कराडला नाहीतर साताऱ्याला असेल सेंटर.”

बोलून झाल्यावर प्रणितच्या लक्षात आलं की भावना आणि धर्मराज दोघंही प्रांजलकडे पाहताहेत. त्याने पेनचं टोपण लावलं.

“कराडला कशाला?” भावनाने विचारलं.

“कॉलेज मिळालंय. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. गुरुवारी लिस्ट लागली. काल जाऊन सीट पक्की करून आले.”

“काल तू लायब्ररीत होतीस.”

“नव्हते.”

“पण फॉर्मवर पहिलं कॉलेज आपण नवीन पनवेलचं टाकलं होतं. माझ्यासमोर टाकलं होतंस.”

“नंतर बदललं.”

“मला नेरुळचं म्हणाली होती,” धर्मराज हळू म्हणाला. “उरणवरून लोकलबिकल होईल तोवर मी गाडीनं सोडीन, असं आमचं ठरलं होतं.”

त्याचं बोलणं कोणाला उद्देशून नव्हतं. भावनाने त्याच्याकडे वळून पाहिलं. नेरुळबद्दल ती पहिल्यांदाच ऐकत होती.

“सही कोणी केली?” तिने विचारलं. “पालकांची सही लागते.”

“अठरा पूर्ण झालीत मला. फेब्रुवारीत. हॉस्टेलच्या फॉर्मवर लागेल एक, कोणाचीही चालेल.”

“कुणाला विचारून केलंस हे?” धर्मराज म्हणाला. आता मात्र त्याचा आवाज वर गेला. “एवढी मोठी गोष्ट. कुणाला विचारलंस?”

प्रांजलने डबा काउंटरवर नीट सरळ ठेवला.

“कोणाला विचारायचं होतं?”

तिने ते टोमणा मारल्यासारखं म्हटलं नव्हतं. खरोखर उत्तर हवं असल्यासारखी ती आधी बापाकडे आणि मग आईकडे पाहत थांबली. दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याने ते खोडून काढलं असतं, हे तिघांनाही माहीत होतं.

“मग आम्हाला दोघांना इथे कशाला बोलावलंस?” भावनाने शेवटी विचारलं. “प्रदर्शन मांडायला?”

“एकदाच सांगायला लागावं म्हणून. आधी तुला सांगितलं असतं तर पप्पा म्हणाले असते आईने पाठवली. आधी त्यांना सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस पप्पांनी फितवली.” ती प्रणितकडे वळली. “किती वेळ लागेल?”

“आत्ता करायला घेतलं तर दीड-दोन तास. विंडोज टाकून.”

“प्रोसेसर मी बसवू?”

“बसव. पिना वाकवू नकोस म्हणजे झालं.”

धर्मराजने निळा खोका उचलला. प्लॅस्टिकची पिशवी ओली होती म्हणून ती त्याने खिशात कोंबली आणि खोका तसाच काखेत धरला.

“काका, पाहिजे तर ठेवून जा,” प्रणित म्हणाला. “सील आहे अजून. कोणी गिऱ्हाईक आलं तर काढून टाकतो. आठवड्यात जाईल.”

धर्मराजने खोक्याकडे पाहिलं. मग त्याने तो काउंटरवर परत ठेवला, नाव आणि नंबर सांगितला, आणि बाहेर जिन्याच्या कठड्याला जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळाने भावनाही बाहेर आली. ती त्याच्याजवळ आली नाही. कठडा लांब होता; ती दुसऱ्या टोकाला थांबली. खाली पाऊस बारीक झाला होता. उरणच्या एसटीत चढण्यासाठी माणसं छत्र्या मिटत धावत होती.

“तुला माहीत होतं,” धर्मराज म्हणाला.

“माझा चेहरा बघून वाटलं का तसं?”

“तुज्या चेहऱ्यावरून मला कधी काय कळलं?”

“तेच तर.”

तो खिशातला रुमाल काढून मान पुसत राहिला.

“घरात राहते तुज्या. पोरगी कराडला जाऊन आली, सहा तास जायला, सहा यायला, आणि तुला पत्ता नाय. आईला एवढंपण कळू नये?”

“मी सकाळी सहाला लॅबमध्ये असते. संध्याकाळी आठला घरी येते. तुम्ही एकाच हातानं घर चालवून बघा, मग शिकवा.” ती थांबली. “आणि तुमच्याकडे येत होती ती शनिवारी-रविवारी. तुम्ही तरी एवढ्या गप्पा मारत होता ना? नेरुळ काय, गाडी काय.”

“चार महिन्यांत दोनदा आली.”

“दोनदा?”

“मार्चमदे एकदा. मग निकालाच्या वेळी.”

मुलगी ‘पप्पांकडे जाते’ म्हणून घरातून निघाली ते शनिवार भावनाने आतल्या आत मोजले आणि दुकानाच्या काचेतून आत पाहिलं.

आत प्रांजल काउंटरच्या पलीकडच्या बाजूला गेली होती. प्रणितने तिच्यासमोर एक काळी चटई पसरली होती. तिने केस वर बांधले, हात जीन्सला पुसले आणि प्रोसेसर दोन बोटांत कडांनी धरला. त्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण होता. तो बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवून तिने प्रोसेसर खाली सोडला. नुसता सोडला. दाबला नाही. मग बाजूची बारीक दांडी खाली घेतली. प्रणित काहीतरी म्हणाला आणि ती हसली. काचेमुळे आवाज आला नाही, पण दात दिसले, पुढचे दोन, जरा पुढे आलेले.

दोघंही ते पाहत होते. एकमेकांना दिसणार नाही अशा बेताने पाहत होते.

“हॉस्टेलला सोडायला मी जाणार,” धर्मराज म्हणाला.

“तुम्ही कशाला? मुलींचं हॉस्टेल आहे. मी जाईन.”

“गाडी माजी हाय.”

“एसट्या बंद पडलेल्या नाहीत.”

“सही मी करणार.”

“करा. नावाच्या खाली सही करायलाच तर लागता तुम्ही.”

हे बराच वेळ चाललं. मध्येच धर्मराज खाली जाऊन चहा पिऊन आला. त्याने तिला विचारलं नाही, आणि त्याने विचारलं असतं तरी ती नको म्हणाली असती. भावनाने लॅबमध्ये फोन करून दुपारची सुट्टी घेतली. दीड वाजता दुकानाचं दार उघडलं.

प्रांजल बाहेर आली तेव्हा सॅक तिच्या पाठीवर होती. ओझ्याने ती थोडी पुढे झुकली होती. निम्मे-निम्मे पैसे देण्यासाठी दोघांनाही आत बोलावलं होतं, ते देऊन ते पुन्हा बाहेर येईपर्यंत ती दोन पायऱ्या उतरून थांबली.

“चालू झाला?” भावनाने विचारलं.

“पहिल्यांदाच झाला.”

“दे ती सॅक,” धर्मराज पुढे होत म्हणाला. “वजन हाय.”

“राहू दे. सवय करायचीये.”

“निघायचं कधी?”

“पुढच्या रविवारी. सकाळची गाडी आहे, पनवेल स्टँडवरून.”

“मी येतो.”

“मी येतेय,” भावना त्याच वेळी म्हणाली.

“एकच तिकीट काढलंय,” प्रांजल म्हणाली. “स्टँडवर या. दोघं या.”

ती उतरायला लागली. धर्मराज तिच्या मागून आणि भावना त्याच्या मागून चार पायऱ्या उतरले आणि वळणावर थांबले, कारण खालून कोणीतरी प्रांजलला मोठ्याने हाक मारली होती.

“ए कॅप्टन.”

बिल्डिंगच्या पुढच्या पत्र्याखाली चार जण होते. तीन मुलगे आणि एक मुलगी. एकाच्या पायात गमबूट होते. लाल टी-शर्टवाल्याने स्कूटरवरून उतरून प्रांजलच्या पाठीवरची सॅक काढून घेतली, आणि तिने ती काढू दिली. दुसऱ्याने सॅकची चेन दोन बोटं उघडून आत पाहिलं. मुलीने प्रांजलच्या गळ्यात हात टाकला, काहीतरी विचारलं, आणि मग एकदम प्रांजलचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. प्रांजल तशीच राहिली. तिची पाठ दोनदा हलली. गमबूटवाला मुलगा दुसरीकडे पाहत उभा राहिला. हे सगळं त्याला आधीपासून माहीत असावं असं त्याचं उभं राहणं होतं.

भावनाने कठड्यावर हात ठेवला. एक पायरी उतरली आणि थांबली.

मग प्रांजलने चेहरा पुसला, मुलांपैकी कोणीतरी काहीतरी बोललं, सगळे हसले, आणि दोन स्कूटरवर पाच जण बसून उरण नाक्याच्या दिशेने गेले. सॅक मधल्याच्या मांडीवर होती.

जिन्यात पावसाच्या ओलीचा वास होता. वरून प्रणितने दुकानात कोणाला तरी शाईचा भाव सांगितलेला ऐकू आला.

“तो लाल टी-शर्टवाला कोण?” भावनाने विचारलं.

“मला काय माहीत.”

“आणि ती मुलगी?”

धर्मराजने मान हलवली. रेनकोटची चेन लावायला त्याने खाली पाहिलं. ती लागेना. दोनदा ओढून त्याने ती तशीच सोडून दिली.

“मला वाटलं,” तो म्हणाला, “तुला माहीत असेल.”